पोटखराबा

कागदावर या माळाला पोटखराबा म्हणतात.
वनरक्षक म्हणून इंदापूरला रुजू झाले तेव्हा वाटलं,
बिचाऱ्याला काहीतरी दुखतंय,
औषध द्यायला हवं.

औषध म्हणजे खड्डे.
दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल,
दोरी लावून, ओळीत.
शिसू लावला, गिरिपुष्प लावलं,
टँकर आला, साहेब आले, फोटो झाला.
पहिल्याच उन्हाळ्यात शिसू गेला.
गिरिपुष्प तगलं,
आणि त्याच्या सावलीत एक काडी उगवली नाही.

जेठात ठकूबाई महानवर कोकणातून परतली,
घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी.
माझ्या खड्ड्याच्या काठावर बसून तिनं तंबाखू मळली.
"पोरी, गवताच्या मुंडक्यावर उभी ऱ्हाऊन
रान कुठं हाय म्हणून इचारतीस व्हय?"

मला राग आला.
मेंढरं हिची, आणि बोल मला?
खरं तर दोघींनी मिळून खरवडला होता माळ.
मुरूम वर आला होता,
टाचेखाली डफासारखा वाजायचा.

मग भांडत भांडत ठरलं.
माळाचे चार वाटे, चुना फासलेले दगड.
एक वाटा कुसळ गळेपर्यंत बंद.
उरलेल्या तिघांत मेंढरं फिरती,
आठ दिवसांवर कुठंच मुक्काम नाही.
गिरिपुष्प तोडलं (त्याला परवानगीची नऊ पत्रं).
पवन्या, मारवेल, डोंगरी,
ठकूबाईच्या सुनेनं ओच्यात बी गोळा केलं,
पोत्याला दोनशे रुपये,
बिल पास व्हायला अकरा महिने.
ती अजून मला ऐकवते.

तिसऱ्या वर्षी भादवा कोरडा गेला.
एका रात्री बंद वाट्यात मेंढरं शिरली,
ठकूबाईच्याच पुतण्याची, बिराप्पाची.
उजाडायच्या आत ती दारात,
खांद्यावर दंडाचं कोकरू.
"लिही," म्हणाली. "आमच्याच नावावर लिही."
मी पंचनामा लिहिला.
कोकरू मान वळवून माझी लेखणी चाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर बघते तर
त्या रात्रीच्या खुरांनी जिथं कवच फोडलं होतं,
लेंड्या पडल्या होत्या,
तिथंच गवत सगळ्यांत दाट.
मी ठकूबाईला सांगितलं नाही.
तिला आधीच ठाऊक होतं,
आणि मला ठाऊक झालंय हेही.
नियमात एक ओळ वाढली:
बी गळाल्यावर एक रात्र. फक्त एक.

आता कमरेइतकं गवत आहे म्हणणार नाही.
गुडघ्याइतकं आहे, काही ठिकाणी पोटरीइतकं,
दक्षिणेचा उतार अजून बोडका.
थोडी जागा आम्ही उघडीच ठेवली,
धाविक तिथं अंडी घालतो, खड्यांच्या रंगाची,
पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत.
लांडगीनं माघात दोन मेंढरं नेली.
ठकूबाईनं आधी तिला शिव्या घातल्या,
मग भरपाईचा अर्ज,
मग बराच वेळ गवतातल्या वाटेकडे बघत बसली.

परवा पुण्याला बैठकीला गेले.
गार खोली, पडद्यावर आकडे,
कुणीतरी विचारलं, एवढ्या मोकळ्या जागेवर
अजून झाडं का नाहीत?
उत्तर मी पाठ करून आणलं होतं,
तोंडात आलंच नाही.

पायमोज्यात काहीतरी टोचत होतं.
काढून फाईलवर ठेवलं: एक कुसळ.
चहाच्या पेल्याखालचा थेंब त्याला लागला
आणि ते वळायला लागलं,
हळूहळू पीळ सोडत, शेपटी फिरवत,
पोटखराबा लिहिलेल्या रकान्यावर
टोक टेकवून
आत शिरायची जागा शोधत.